आम्ही सगळे अंगठेबहाद्दर

गोव्यात फोंड्याला आमची फार्मसी आहे, बाबांच्या वेळेपासूनची, आता मी बसतो. वीस-बावीस वर्षं काउंटरच्या मागे उभं राहिल्यावर एक गोष्ट पक्की कळलीय, ती म्हणजे आपल्या लोकांच्या डोक्यात आजार म्हणजे जो माणसाला खाटेवर पाडतो तो, बाकी सगळं म्हणजे ‘थोडंसं असतं ते’. टेल्मिसार्टनची स्ट्रिप पिशवीत टाकता टाकता मी सहज विचारतो, बीपी कसं आहे आता, तर समोरून उत्तर येतं, ‘हांव गुळयो घेतां न्हय, मागीर बीपी खंयचें?’ म्हणजे गोळी चालू आहे ना, मग बीपी कुठून असणार! आणि हे कुणी गंमत म्हणून सांगत नाही हां, रिटायर्ड हेडमास्तर पण असंच सांगतात. गोळी घेतली की बीपी गेलं, मेटफॉर्मिन घेतली की शुगर गेली, थायरॉईड तर आजारात धरतच नाहीत, ‘ती सकाळची उपाशीपोटीची बारकी गोळी’ एवढंच त्याचं नाव.

आता ह्याच माणसाला इन्शुरन्सच्या फॉर्मवर विचारलं की तुम्हाला रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड, हृदयविकार वगैरे काही आहे का किंवा होतं का, तर तो काय सांगणार? नाही. आणि तो खोटं बोलतोय असं त्याला वाटतसुद्धा नाही. गडबड सगळी इथून सुरू होते. हे मी आज लिहितोय कारण गेलं वर्षभर आमच्या घरात ह्याच एका ‘नाही’ने धुमाकूळ घातलाय, आणि त्यात माझाही हात आहे. हात म्हणजे अंगठा. सांगतो.

ताई दिली डिचोलीला. भावोजींचा पूर्वी मायनिंगला ट्रक होता, २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा बाकीच्यांसारखं त्यांचंही कंबरडं मोडलं, मग हळूहळू हार्डवेअरचं दुकान टाकलं, आता बरं चाललंय. वय बावन्न. २०१९ पासून बीपीची गोळी, रोज सकाळी एक, टेल्मिसार्टन ४०. मला तारखेसकट माहीत आहे कारण गोळ्या माझ्याकडूनच जातात, ताई माहेरी आली की दोन-तीन महिन्यांच्या स्ट्रिप्स एकदम घेऊन जायची, घरचा माणूस म्हणून बिलसुद्धा कधी करायचो कधी नाही.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये, चतुर्थी तोंडावर आली होती, कोविडने सगळे घाबरलेले, तर भावोजींच्या भजनी मंडळातला एक जण इन्शुरन्सचा एजंट, माणूस चांगला हां, पखवाज छान वाजवतो, त्याने मेडिक्लेमचा विषय काढला. पाच लाखांचं फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच पॉलिसी. फॉर्म कुठे भरला तर देवळाच्या सभामंडपात, प्रॅक्टिसच्या मध्ये चहा आला तेवढ्या वेळात, त्याच्या मोबाईलवर. भावोजी सांगतात की त्याने विचारलं, ‘काही आजार-बिजार, ऑपरेशन वगैरे झालंय का?’ हे म्हणाले, ‘नाही रे, तसं काही नाही.’ तो एकेका प्रश्नावर नो नो नो दाबत गेला. वजन त्याने अंदाजाने अडुसष्ट टाकलं, तेव्हा भावोजी चौऱ्याऐंशी किलो होते. दारू? नो. डिचोलीतला माणूस, काजूच्या सीझनला हुर्राक घेत नाही, हे कंपनीने तरी कसं मान्य केलं कोण जाणे! मग म्हणाला, ‘ओटीपी आला असेल बघा.’ ओटीपी सांगितला, झाली सही. आता पूर्वीसारखं पेन घेऊन सही करायची भानगडच उरलेली नाही, चार-सहा आकडे तोंडी सांगितले की तुम्ही सगळं वाचलं, समजलं, खरं आहे असं लिहून दिल्यात जमा.

पॉलिसीची पीडीएफ आली ती भावोजींनी मला व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड केली, ‘बघ रे जरा’ म्हणून. चौतीस पानं. मी काय केलं तर अंगठा. 👍. उघडलीच नाही. काउंटरवर गर्दी होती, मास्क-सॅनिटायझरचे दिवस, नंतर बघू म्हणून राहिली ती राहिलीच. त्या चौतीस पानांत शेवटी शेवटी प्रपोजल फॉर्मची कॉपी होती, तिच्यात ‘हायपरटेन्शन: नो’ असं स्वच्छ छापलेलं होतं. आणि मी म्हणजे दर दोन महिन्यांनी त्याच माणसाला बीपीच्या गोळ्या देणारा फार्मासिस्ट! आमच्या आजीला सही येत नव्हती म्हणून ती अंगठा लावायची, पण लावायच्या आधी तलाठ्याला तीनदा विचारायची की काय लिहिलंय ते वाच पुन्हा. आम्ही शिकलेले लोक न वाचता लावतो.

पुढचं सांगतो. जानेवारी २०२५, रात्री अकराला भावोजींच्या छातीत दुखायला लागलं. बांबोळीला जीएमसीत, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात, न्यायचं असंच आधी ठरलं होतं, तिथे हार्टचं खातं चांगलं आहे, आणि गोवा सरकारच्या आरोग्य योजनेचं दीनदयाळ कार्ड पण आहे, तीनपर्यंत माणसांच्या कुटुंबाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर चार लाख. पण गाडीत कुणीतरी म्हणालं ‘मेडिक्लेम आहे ना, मग प्रायव्हेटला न्या, वॉर्डात कशाला’, आणि गाडी प्रायव्हेटला गेली. म्हणजे बघा, पॉलिसी होती म्हणून खर्च झाला! अँजिओप्लास्टी, एक स्टेंट, चार दिवस, बिल दोन लाख चौऱ्याऐंशी हजार. माणूस वाचला, डॉक्टरांनी काम चोख केलं, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

पण कॅशलेस, म्हणजे कंपनीने हॉस्पिटलला परस्पर बिल भरायचं ते, अडकलं. का अडकलं? तर अॅडमिशनच्या वेळी रात्री साडेबाराला तिथल्या ज्युनिअर डॉक्टरने ताईला विचारलं, बीपी-शुगर काही आहे का? ताई रडतेय, पण डॉक्टरला खरं सांगितलं पाहिजे एवढं तिला कळतं, म्हणाली, ‘बीपीची गोळी आहे पाच-सहा वर्षं.’ त्याने लिहिलं, ‘के/सी/ओ एचटीएन, ५ ते ६ वर्षं, ऑन ट्रीटमेंट.’ म्हणजे नोन केस ऑफ हायपरटेन्शन. ही एक ओळ. टीपीएवाल्यांनी, म्हणजे कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या एजन्सीने, ती ओळ आणि २०२१ चा फॉर्म शेजारी शेजारी ठेवला, संपलं. कॅशलेस नाकारलं आणि सांगितलं, भरा पैसे आणि मग रीइम्बर्समेंटला फाईल करा. ताईचं सोनं गहाण गेलं दुसऱ्या दिवशी.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण हे माझ्या धंद्यातलं आहे. त्या ओळीला फार जपा. मी अशी डिस्चार्ज समरी बघितलीय जिच्यात ‘५ महिने’चं ‘५ वर्षं’ झालेलं होतं, कारण डॉक्टर चोवीस तास जागा होता आणि नातेवाईकाने बोटं दाखवून सांगितलं होतं. तसं झालं असेल तर डिस्चार्ज घ्यायच्या आधी, तिथेच उभं राहून, नम्रपणे दुरुस्त करून घ्यायचं, मग नंतर कुणी ऐकत नाही. पण आमच्या केसमध्ये चूक नव्हती. ताईने खरं सांगितलं होतं. डॉक्टरने खरं लिहिलं होतं. खोटा होता तो फॉर्म.

रीइम्बर्समेंटची फाईल मी लावून दिली. घरात मीच काय तो औषधवाला, त्यामुळे माझ्याकडेच आली. कंपनीने पत्र पाठवून विचारलं होतं की बीपीचं निदान पहिल्यांदा कधी झालं, त्याचे जुने कागद द्या. ताईने एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणून दिला, त्यात सगळं, लाईट बिलं, मुलाची लसीकरणाची कार्डं, आणि मध्येच डिचोलीच्या फॅमिली डॉक्टरची ती चिठ्ठी, २०१९ च्या जूनची, कागद घडीवर फाटत आलेला, ‘टॅब टेल्मिसार्टन ४०, १-०-०, कंटिन्यू’. मी ती हातात धरून बराच वेळ बसलो. दुकान बंद केलं होतं, शटर अर्धं खाली. खोटं कशाला बोलू, मनात आलं की ही चिठ्ठी नाही सापडली म्हणून सांगितलं तर? कोण बघतंय? बिलं तरी माझ्याकडे अर्धी केलेलीच नाहीत. मग बायकोने घरातून हाक मारली जेवायला म्हणून, आणि मी चिठ्ठी फाईलला लावून पंच केली. फार थोर विचार वगैरे करून नाही हां, भीती पण होती, लायसन्स आहे माझं. आणि ताईने हॉस्पिटलात सांगितलेलं कागदावर आहेच, मग ही लपवून तिला खोटं पाडायचं का?

क्लेम रिजेक्ट झाला. पॉलिसी पण रद्द. पत्र इंग्रजीत दीड पानाचं, सार एवढंच की महत्त्वाची माहिती दडवली.

आणि आता ऐका, सगळ्यात जास्त कशाने जळतं ते. त्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला वेटिंग पिरियड होता तीन वर्षं. ऑगस्ट २०२१ ते जानेवारी २०२५ किती होतात? तीन वर्षं पाच महिने. म्हणजे त्या दिवशी सभामंडपात बीपी ‘आहे’ म्हणून लिहिलं असतं तर फार तर प्रीमियम थोडा चढला असता, त्याला लोडिंग म्हणतात, आणि तीन वर्षं बीपीशी संबंधित खर्च मिळाला नसता. पण ह्या तीन वर्षांत भावोजी साधे तापाने पण अॅडमिट झाले नव्हते! वेटिंग आपसूक संपून गेलं असतं आणि जानेवारीत पैसे मिळाले असते. लपवून काय मिळवलं तर हे.

त्यानंतर मी ह्या विषयाच्या मागेच लागलो. रात्री दुकान बंद करून वाचत बसायचो, बायको म्हणाली आता वकिलीची परीक्षाच द्या. इन्शुरन्समध्ये एक तत्त्व आहे, मराठी पुस्तकांत परम विश्वासाचं तत्त्व म्हणतात. साध्या व्यवहारात, समजा मी तुम्हाला जुनी स्कूटर विकली, तर बघून घ्यायची जबाबदारी बरीचशी तुमची. पण इन्शुरन्समध्ये माल म्हणजे तुमचं शरीर, आणि ते आतून कसं आहे हे तुम्हालाच माहीत, कंपनी काय एक्स-रे घेऊन दारात उभी नाही. म्हणून ज्याला माहीत आहे त्याने सांगायचं. भिशीसारखं आहे ते, सगळ्यांचे पैसे एकत्र, कुणाची उचल किती होणार ह्याचा अंदाज घेऊन हप्ता ठरवलाय, एकाने लपवलं तर भुर्दंड बाकीच्यांना.

ह्या तत्त्वाची जुनी केस वाचली आणि मला हसूच आलं. १७६६ सालची, लंडनची, कार्टर विरुद्ध बोहम. कार्टर म्हणजे सुमात्रा बेटावर इंग्रजांचा एक किल्ला होता, फोर्ट मार्लबरो, त्याचा गव्हर्नर. त्याने लंडनमध्ये विमा काढला की कुणा परक्या शत्रूने हल्ला करून किल्ला घेतला तर पैसे द्या. फ्रेंच आले, १७६० मध्ये किल्ला घेतला. विमेवाला म्हणाला, किल्ला कच्चा आहे, युरोपियन फौजेसमोर टिकणारा नाही, हे तू सांगितलंच नाहीस, पैसे देणार नाही. लॉर्ड मॅन्सफिल्ड न्यायाधीश, त्यांनी तिथे मोठं तत्त्व सांगितलं की विमा हा विश्वासाचा करार आहे, माहिती असलेल्याने लपवता कामा नये. पण निकाल कुणाच्या बाजूने? गव्हर्नरच्या! कारण तो किल्ला कसा आहे आणि फ्रेंच येऊ शकतात हे लंडनच्या विमेवाल्यालाही कळण्यासारखं होतं, विचारायचं असतं तर त्याने विचारायचं होतं. म्हणजे ज्या केसवरून अडीचशे वर्षं ग्राहकांना ‘तुम्ही सांगितलं नाही’ म्हणून ऐकवतात त्या केसमध्ये ग्राहक जिंकला होता. आमच्याकडे एवढे किल्ले आहेत, आग्वाद, शापोरा, आमच्या फोंड्याचा मर्दनगड, पण कुठल्या गव्हर्नरला ही अक्कल सुचल्याचं ऐकलं नाही.

आपल्याकडे पण दोन्ही बाजूंचे निकाल आहेत. सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा रेखाबेन राठोड केसमधला निकाल वाचून मी गार पडलो, कारण तो आमच्यावरच लिहिल्यासारखा वाटला. तिथे लाईफ इन्शुरन्सची पॉलिसी होती, नवऱ्याने दोनच महिने आधी दुसऱ्या कंपनीची अकरा लाखांची पॉलिसी घेतलेली फॉर्मवर सांगितली नाही. कोर्टाने सांगितलं की ज्याने सही केली त्याला नंतर ‘मी वाचलं नव्हतं, समजलं नव्हतं’ म्हणून सहसा सुटता येत नाही. एजंटने भरला म्हणूनही नाही. झालं, आमचा पखवाजवाला मुद्दाच गेला.

उलट २०२१ च्या डिसेंबरमधला मनमोहन नंदा केसचा निकाल. हे गृहस्थ लग्नाला म्हणून अमेरिकेला निघाले, ट्रॅव्हल मेडिक्लेम घेतला, फॉर्मवर शुगर आहे म्हणून सांगितलं, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या एअरपोर्टवरच हार्ट अटॅक, तीन स्टेंट. कंपनी म्हणाली की तुम्ही कोलेस्टेरॉलची गोळी, स्टॅटिन, घेत होता ते सांगितलं नाही. आता शुगरवाल्याला स्टॅटिन देतात हे आमच्या दुकानातला झाडू मारणारा पोरगा पण सांगेल. कोर्टाने कंपनीला झापलं, शुगर सांगितली होती, तुमच्या डॉक्टरने तपासलं होतं, सगळं बघून पॉलिसी दिलीत आणि आता मागे फिरता? पैसे द्या. फरक काय ते बघा, नंदांनी मोठी गोष्ट सांगितली होती. आमच्याकडे मोठी गोष्टच ‘नो’.

मुदतीचं एक सांगून ठेवतो कारण ह्यावर एजंट लोक फार थापा मारतात. लाईफ पॉलिसीला १९३८ च्या इन्शुरन्स अॅक्टचं कलम ४५ आहे, २०१५ पासून असं की तीन वर्षं झाल्यावर कुठल्याही कारणाने पॉलिसीवर शंका घेता येत नाही. मेडिक्लेमचं वेगळं, तिथे सलग साठ महिने झाल्यावर माहिती दिली नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर येतो. हे आधी आठ वर्षं होतं, २०२४ मध्ये आयआरडीएने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, पाच केलं, आणि जुन्या आजाराचं वेटिंग पण जास्तीत जास्त चार वर्षं होतं ते तीन केलं. भावोजींचे एक्केचाळीस महिने. एक जण दुकानात येऊन म्हणाला, ‘म्हणजे पाच वर्षं दाबून ठेवायचं की काम झालं.’ अरे बाबा, हार्ट काय आयआरडीएचं सर्क्युलर वाचून बंद पडतं का?

आम्ही विमा लोकपालाकडे, म्हणजे कंपनीविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गेलो. गोव्याला ऑफिस नाही, गोवा मुंबईच्या ऑफिसखाली येतो. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहायचं, महिनाभर वाट बघायची, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत लोकपाल, पन्नास लाखांपर्यंतचे विषय, फी नाही, वकील चालत नाही, आपण स्वतःच बोलायचं. हे मात्र मला आवडलं. सुनावणी व्हिडिओवर झाली, माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, खोकल्याच्या औषधांच्या बॉक्सवर लॅपटॉप ठेवून. भावोजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांना विचारलं, फॉर्म भरताना तुम्हाला गोळी चालू होती का? हे म्हणाले होय. एजंटला सांगितलं का? मी मनात म्हणत होतो, म्हणा सांगितलं, म्हणा. हे थोडे थांबले आणि म्हणाले, ‘नाही साहेब. मला वाटलं ते विचारत नाहीयेत.’

निकाल विरोधात गेला. मला वाईट वाटलं पण आश्चर्य नाही वाटलं.

कंपनीला मी सोडलेलं नाहीये हां मनातून. तुम्ही फॉर्म इंग्रजीत छापता, प्रश्न असे की एका वाक्यात सतरा आजार आणि ‘एनी अदर’, आणि तो विकायला पाठवता कमिशनवरच्या माणसाला, ज्याला ‘आहे’ लिहिलं की मेडिकल टेस्ट, टेस्ट म्हटली की आठवडा, आणि आठवड्यात गिऱ्हाईक दुसरीकडे. त्याला ‘नाही’ हवंच असतं. प्रश्न एकच साधा टाका ना, ‘तुम्ही रोज कुठली गोळी घेता?’ बस. आमच्या गल्लीतली ऐंशी वर्षांची म्हातारी पण खरं उत्तर देईल, रंगासकट देईल, ‘एक पांढरी, एक गुलाबी अर्धी’. पण हे सगळं खरं असलं तरी क्लेम आमचा गेला, त्यांचं काय गेलं?

बरं हे फक्त मेडिक्लेमचं नाही. आमच्याकडे गोव्यात पांढऱ्या नंबरप्लेटची घरची गाडी टुरिस्टला भाड्याने देणारे कमी आहेत का? रेंटच्या गाडीला काळी प्लेट पिवळी अक्षरं लागतात, तिचा इन्शुरन्स वेगळा, महाग. हे लोक प्रायव्हेटचा इन्शुरन्स काढतात, किनाऱ्याला गाडी फिरवतात, आणि दिल्लीच्या पोरांनी ठोकली की क्लेम फॉर्मवर लिहितात ‘मित्र चालवत होता’. एकाला सर्व्हेअरने विचारलं की मित्राचं पूर्ण नाव काय? बसला गप्प.

आणि लाजेने लपवणारे वेगळेच. झोपेची गोळी, डिप्रेशनची गोळी, फिटची गोळी, पोरीचं लग्न व्हायचंय म्हणून नाव घ्यायचं नाही. हे लोक माझ्याकडे येतात तेव्हा दुकानात दुसरं कुणी नाही बघून येतात, मला कळतं, मी पण मोठ्याने नाव घेत नाही. त्यांना फॉर्मवर खरं लिहा म्हणून सांगणं सोपं आहे, पण फॉर्म भरणारा एजंट शेजारच्या वाड्यावरचा असतो तिथे काय करायचं? मी सांगतो, ऑनलाईन स्वतः भरा. मानसिक आजारालाही शरीराच्या आजारासारखाच इन्शुरन्स द्यायचा असं २०१७ च्या कायद्यात आहे, घाबरू नका.

मागे एकदा दुकानात एक तपासणीसवाला पण आला होता, कुठल्यातरी कंपनीतर्फे, दुसऱ्याच एका गिऱ्हाईकाचं नाव घेऊन, हे तुमच्याकडून शुगरची गोळी कधीपासून नेतात म्हणून. गोड बोलतात फार. मी म्हटलं पेशंटची लेखी परवानगी आणा, मग बघू. तो हसला आणि बॅगेतून क्लेम फॉर्मची झेरॉक्स काढली, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की माझी माहिती डॉक्टर, हॉस्पिटल, केमिस्टकडून घ्यायला माझी हरकत नाही. आणि सही. तीही न वाचता केलेलीच असणार.

आता ताजी बातमी. ताईने स्वतःची वेगळी पॉलिसी घ्यायचं ठरवलं, भावोजींना स्टेंटनंतर देणारी कंपनी अजून शोधतोय, पण तिची तरी होऊ दे. सप्टेंबर २०२५ पासून ह्या पॉलिसींवरचा अठरा टक्के जीएसटी गेलाय तेवढाच आधार. फॉर्म आम्ही दुकानातच भरला, दुपारी दीड ते चार बंद असतं तेव्हा, ताई स्टुलावर, मी लॅपटॉपवर. तिचा बिस्किटाचा डबा मध्ये. थायरॉक्झिन ५०, २०१६ पासून. ‘ती पण लिहायची?’ लिहायची. दोन सिझेरियन. ‘त्याला वीस वर्षं झाली रे.’ विचारलंय, लिहायची. गुडघ्याचा एमआरआय. आईला शुगर होती, बाबांना हार्ट. दारू, तर ती म्हणाली सर्दीला चमचाभर फेणी चोळते छातीला, ते धरतात का? मी म्हटलं पोटात जात नाही तोवर नाही. पाऊण तास लागला. मग टेस्ट झाल्या, आणि कंपनीचं पत्र आलं की थायरॉईडसाठी अडीच-एक हजार जास्त भरा आणि तीन वर्षं वेटिंग, मंजूर आहे का? ताई पत्र वाचून भडकली, ‘खरं सांगितलं त्याचे पण पैसे घेतात?’ होय म्हटलं, भर.

परवा पॉलिसीची पीडीएफ आली. एक्केचाळीस पानं. ह्या वेळी मी अंगठा दिला नाही, वाचतो म्हणून लिहिलं, आणि खरंच वाचली, दोन रात्री लागल्या. न पटल्यास परत करायला आता तीस दिवस मिळतात, तेव्हा घाई नव्हती. आजार बरोबर, तारखा बरोबर, नॉमिनी बरोबर. सदतिसाव्या पानावर वजन चुकलंय, चौसष्टचं शेहेचाळीस झालंय, आकडे उलटे पडलेत. ताईला लगेच फोन केला की कंपनीला मेल टाकून दुरुस्त करून घेऊया.

म्हणते, ‘तेवढं राहू दे ना रे.’